ढगातला चौथा फोटो

जिवंत माणसाला पांढरी किनार, मेलेल्याला फेड. फ्लेक्सचा हा नियम कुठे छापलेला नाही, पण भोसरीपासून चाकणपर्यंत कोणालाही तो वाचता येतो. खालच्या भागात छाती काढून उभे असलेले, कडेने जाड पांढरी रेघ मारलेले, ते जिवंत. वरच्या पट्टीत निळं आकाश, पिंजलेल्या कापसासारखे ढग, आणि त्या ढगांतून छातीपर्यंतच वर आलेली, खाली विरत गेलेली माणसं, ती गेलेली. मेलेल्या माणसाला फ्लेक्सवर पोट नसतं, हात नसतात. पाय तर नसतातच.

मला हे माहीत नव्हतं. जिंतूरला असताना मी मोबाईलवर व्हिडिओ बघून फोटोशॉप शिकले. त्या व्हिडिओंतला कोणी एक गोरा माणूस सांगायचा, की फोटोची कड कधी कच्चकन कापू नका, ती मागच्या रंगात विरघळू द्या. मला ते फार पटलं. दिग्विजयभाऊंच्या भोसरीतल्या दुकानात लागल्यावर बाराव्या दिवशी मी एका होऊ घातलेल्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याला छातीखाली फेड मारला. मागे सोनेरी उजेड टाकला. काम देखणं झालं होतं. सकाळी सातला फ्लेक्स चौकात चढला आणि साडेआठपासून त्याच्या बायकोला फोन सुरू झाले. कसं झालं, कधी झालं, काल तर दिसले होते. एक पाव्हणा शिरूरहून हार घेऊन निघाला होता. अकरा वाजता तो माणूस चौदा जण घेऊन दुकानात आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, "मी जिवंत हाय का न्हाई? बोला!"

"आहात ना साहेब," दिग्विजयभाऊ म्हणाले. "शंभर टक्के आहात."

"मग मला ढगात कुनी घातला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी मला काढून टाकलं नाही, कारण दुसरं कोणी एवढ्या पगारात इतके तास बसत नव्हतं. संध्याकाळी दिग्विजयभाऊंनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "साधना, एकदाच सांगतो. माणूस चालता-बोलता असेल तर किनार. तारीख असेल तर फेड. गेल्याची तारीख विचारल्याशिवाय कोणालाही वर घ्यायचं नाही. हा आपल्या दुकानाचा नियम."

याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना तारीख विचारते.

यंदा मे महिन्यात, लग्नाच्या गर्दीत, एका सोमवारी कुरुळीचे दोघे जण आले. एक अर्जुनराव, कडक पांढरे कपडे, गॉगल, बोलणं मोठ्यानं. दुसरे त्यांचे चुलतभाऊ धर्माजी, साठीकडे आलेले, टोपी हातात. लग्न धर्माजींच्या मुलीचं, संस्कृतीचं, येत्या रविवारी. बोलत मात्र अर्जुनराव होते.

"दहा बाय वीस. कुरुळी फाट्यावर लागनार. मधी माझा फोटो, निमंत्रक. बाजूला नवरा-नवरी."

त्यांनी दिलेल्या मापात नवरीचा चेहरा अर्जुनरावांच्या गॉगलएवढा होत होता. असंच असतं.

"वर चार फोटो. आजोबा, आजी, थोरले चुलते..." अर्जुनराव थांबले. "धर्मा, दे."

धर्माजींनी मोबाईल काढला आणि माझ्या नंबरवर चौथा फोटो पाठवला. तो फोटो नव्हताच. कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपच्या माहितीच्या पानाचा स्क्रीनशॉट होता. गोल डीपी, त्यात हसणारा एक तरुण. खाली नाव, 'अअ स्वराज'. यादीत सगळ्यात वर यावं म्हणून लोक नावापुढे असं लावतात. त्याखाली नंबर. आणि नंबरखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की हा माणूस आज सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी शेवटचा ऑनलाइन होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"तारीख?" मी विचारलं.

"तारीख नको," अर्जुनराव म्हणाले.

"कै. लिहायचं असेल ना?"

"काय बी लिहू नका. वर घ्या म्हंजे लोकांना कळतं."

मी दिग्विजयभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "साहेब सांगतात तसं कर." नियम हा असा असतो, समोर गॉगल बसला की गळतो.

"फोटो लहान आहे," मी धर्माजींना म्हटलं. "दहा फुटांवर फुटेल. तो गोल दाबा, मोठा होईल, मग पुन्हा काढा."

त्यांनी दाबला. फोटो पडदाभर झाला. ते त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले, मग पाठवला. फिक्या निळ्या शर्टातला, कंपनीचं कार्ड गळ्यात असलेला मुलगा. उजवा हात कमरेवर. डाव्या खांद्यावर एका बाईचा हात, मनगटात काळ्या पट्ट्याचं घड्याळ. बाई स्वतः डीपीच्या चौकटीत मावली नव्हती.

"त्यो हात आधी काढा," अर्जुनराव म्हणाले.

धर्माजी टोपीची घडी घालत राहिले.

ते गेल्यावर मी कामाला बसले. हात काढणं सोपं होतं. उजव्या खांद्यावरचं शर्टाचं कापड उचलायचं आणि डाव्या खांद्यावर ठोकत जायचं, शिक्क्यासारखं. वेगळी कॉपी वगैरे ठेवली नाही, मूळ फोटोवरच केलं. पाच मिनिटांत हात गेला, घड्याळ गेलं.

फेडचं काम वेगळं. दिग्विजयभाऊ अजून खोडरबरानं फेड मारतात, मऊ खोडरबर घेऊन माणूस खालून पुसत आणतात. मी मास्क लावते. फोटोवर एक न दिसणारा पडदा टाकायचा. पडदा जिथे पांढरा तिथे माणूस दिसतो, काळा तिथे झाकतो, करडा तिथे अर्धामुर्धा. मग ग्रेडियंटचं हत्यार घेऊन छातीपासून खाली एक सरळ रेघ ओढायची. पांढऱ्याचा हळूहळू काळा होतो आणि माणूस ढगात उतरतो. रेघ लांब ओढली तर सावकाश विरतो, आखूड ओढली तर तुटल्यासारखा दिसतो. एवढ्या मोठ्या कापडावर आकाशाच्या निळ्यात पट्टे पडतात, म्हणून वरून रव्यासारखे बारीक ठिपके टाकावे लागतात. ते टाकले. चौघांना सारखा फेड मारला. नमुना अर्जुनरावांना पाठवला, त्यांच्याकडून अंगठा आला.

मंगळवारी दुपारी दिग्विजयभाऊ जेवायला गेले होते. एक बाई दारात येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात बांगड्यांच्या दुकानाची पिशवी, चेहरा उन्हानं लाल.

"साधना म्हनत्यात ती तूच का?"

"हो. बसा मावशी."

"मी कुरुळीची सारजाबाई. संस्कृतीची आई. चुडा भरायला जाते म्हनून सांगून रिक्षानं आले. ती पाटी दाव मला."

मी फाइल उघडली. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. सासरे, सासू, थोरले दीर यांच्यावरून बोट फिरवत चौथ्यावर थांबली.

"ह्यो माझा स्वराज. मेला न्हाई त्यो."

"माहीत आहे."

"कुनी सांगितलं?"

"काकांच्या मोबाईलनं."

मग तिनं सांगितलं. मी मध्ये फार विचारलं नाही. स्वराज चाकणच्या एका कंपनीत. तिथंच क्वालिटीला पुनम, परभणी जिल्ह्यातली, आणि त्यांच्या जातीची नव्हे. दोन वर्षांपूर्वी दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि सांगवीला खोली घेतली. घरातून जा असं त्याला धर्माजी म्हणाले नाहीत, भावकी म्हणाली. आता संस्कृतीचं लग्न ठरलं तेव्हा अर्जुनरावांनी घरी येऊन अट घातली. चौथा फोटो वर घ्या. पोरगा मेला असं फाट्यावर सगळ्यांना दिसू द्या, मग आम्ही मांडवात येतो, नाहीतर तुमचं तुम्ही उरका.

आपल्या राज्यात कोणाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. त्याचा कायदा आहे, तुरुंग आहे. फेड मारणं हा गुन्हा नाही. अर्जुनरावांना हे कोणी शिकवलं असेल असं नाही, पण त्यांना बरोबर कळलं होतं.

"पोरगी म्हनती, कानपिळी दादाच करनार," सारजाबाई म्हणाली. "अर्जुनरावाचा पोरगा टपूनच हाय कान पिळायला, नवरदेवाकडनं पोशाख मिळतो ना. ही म्हनती, त्यानं हात लावला तर मी उठून जाईन. आता सांग. सख्खा भाऊ सांगवीत जिता असताना चुलतभावानं कान पिळायचा का?"

"स्वराजला विचारलंत?"

"फोन केला. म्हनला, आई, येतो मी. चार मान्सांत आबा काय बोलायचे न्हाईत. त्यांना बी बोलायचं नसतंच." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "पर ही पाटी फाट्यावर लागली तर? त्याच्या कंपनीची बस रोज तितनंच जाती. आन समद्यांनी त्याला वर बघितला तर ढगातला मानूस मांडवात कसा यील गं?"

"मला काढता येणार नाही, मावशी. नमुना मंजूर झालाय. फोटो गायब दिसला तर मला काढतील."

"काढतील तर काढतील. दुसरी दुकानं हायेत की."

"तुमच्यासाठी मी दुसरं दुकान शोधू?"

ती हसली. पहिल्यांदाच. "लई खट हायस. कुठली तू?"

"जिंतूरची. परभणी जिल्हा."

हसू तसंच राहिलं, पण डोळे एकदा माझ्या गळ्यावरून, कपाळावरून फिरून गेले. आडनाव तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मी तिला मास्क दाखवला. शिफ्टचं बटण दाबून त्या छोट्या चौकोनावर क्लिक केलं. चौकोनावर लाल फुली आली आणि ढग बाजूला सारल्यासारखा स्वराज पुरा दिसायला लागला. कार्ड, पट्टा, कमरेवरचा हात.

"आँ! म्हंजे त्यो हितंच हाय व्हय?"

"हितंच आहे. मी खोडत नाही, झाकते."

"मग थोडा उघडा ठेव की."

"किती?"

"हात दिसू दे." तिनं काचेवर बोट टेकवलं. "कान पिळायला हात लागतो का न्हाई?"

मी हसले. मग तिचं बोट वर सरकलं आणि डाव्या खांद्यावर थांबलं. "हितं तिचा हात हुता न्हवं? त्याच्या फोटूत हाय."

"होता. काढायला सांगितला."

"हां," ती म्हणाली. "ते बरं केलं."

त्या तीन शब्दांवर मी फाइल बंद करायला हवी होती. केली नाही. तिला चहा विचारला, ती नको म्हणाली, आणि चुड्याची पिशवी छातीशी धरून निघून गेली.

सारजाबाईची दया आली असं म्हणणार नाही. राग आला होता, आणि तो तिच्यासकट सगळ्यांचा आला होता. पण तिचा राग आला म्हणून अर्जुनरावांचं काम चोख करून देणं, हेही मला जमेना. मी स्वराजचा मास्क उघडला. ग्रेडियंट छातीपासून होता, तो पुसला आणि कमरेच्या खालून ओढला. हात ज्या भागात येत होता तिथे बारीक ब्रश घेऊन पांढरं भरलं, बोट न् बोट. शेवटी अंगाभोवती किनार दिली, पुढाऱ्यांना देतो त्याच्या अर्धीच, पण दिली. बाकी तिघं ढगात विरलेले आणि हा ढगात उभा, हात कमरेवर ठेवून, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

छपाईला टाकलं. मशीनमधून कापड निघतं ते गुंडाळत निघतं, त्यामुळे दिग्विजयभाऊंना दिसला तो फक्त अर्जुनरावांचा गॉगल. "रंग झकास आलाय," ते म्हणाले.

बुधवारी सकाळी फ्लेक्स फाट्यावर चढला. गुरुवारी सकाळी अर्जुनरावांचा फोन आला. दिग्विजयभाऊंनी सवयीनं स्पीकर चालू केला आणि लगेच त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

"काय केलंय तुमच्या पोरीनं? अख्खा फाटा हसतोय! चहावाला मला विचारतो, अर्जुनराव, ते चौथं पाव्हनं खाली कधी उतरनार? एक जन म्हनला, मेलेल्यांत ह्योच तेवढा ड्युटीवर दिसतोय. आत्ताच्या आत्ता नवीन छापून द्या. धर्माला पाठवतोय, त्याच्यासमोर करा."

फोन ठेवल्यावर दिग्विजयभाऊंनी फाइल उघडून पाहिली.

"साधना, हे काय आहे?"

"फेड कमी पडला."

"फेड कमी पडला म्हणे. एकेक बोट भरलंयस राव तू! मला काय आंधळा समजतेस?" ते डोकं धरून बसले. "ज्याला मारायचा नव्हता त्याला मारलास, आणि ज्याला मारायचा होता त्याला उभा केलास. तुझं काय करू मी?"

मी दुसऱ्या लग्नाचं काम उघडलं.

धर्माजी दुपारी एकटेच आले. सोमवारी उभे होते, या वेळी आल्या आल्या खुर्चीत बसले. पाणी मागितलं. अर्धा तांब्या प्याले.

"दुरुस्त करून आन म्हनालेत," ते म्हणाले.

"करते. दोन मिनिटांचं काम आहे." मी फाइल उघडली, मास्क निवडला, ग्रेडियंट हातात घेतलं. मग हात थांबवला. "फक्त तारीख लागेल."

"कसली तारीख?"

"गेल्याची. दुकानाचा नियम आहे. मागे एकदा चूक झाली, जिवंत माणूस वर गेला. तेव्हापासून तारखेशिवाय कोणालाही वर घेत नाही. परवा घाईत राहिलं."

दिग्विजयभाऊंनी तोंड उघडलं. नियम त्यांचाच होता. त्यांनी तोंड मिटलं.

"तारीख न्हाई," धर्माजी म्हणाले.

"अंदाजे सांगा. महिना, वर्ष. फ्लेक्सवर टाकत नाही, आमच्या फाइलला लागतं."

ते टोपीकडे बघत बसले. मग खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, काहीतरी उघडलं आणि माझ्यापुढे धरला. तेच पान, 'अअ स्वराज'. डीपी बदलला होता. बसच्या खिडकीतून काढलेला फोटो, कडेला खिडकीचा गज, आणि मध्ये आमचा फ्लेक्स. वरच्या पट्टीत आजोबा, आजी, चुलते आणि तो स्वतः.

"आज सकाळी लावलंय त्यानं," धर्माजी म्हणाले. "पाच पन्नासला. पैल्या शिफ्टची बस फाट्यावरनं जाती तवा."

"तुम्ही रोज बघता?"

"शिफ्टला गेला का न्हाई ते कळतं. सकाळी उठल्यावर दिसतं, नाष्ट्याच्या सुट्टीत दिसतं, आन दुपारी सुटल्यावर दिसतं. बोलायचं न्हाई, नुस्तं बघायचं." त्यांनी मोबाईलचा उजेड घालवला, परत आणला. "काय लिवलं न्हाई त्यानं. नुस्ता फोटू लावला. श्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

तेवढ्यात तोच मोबाईल वाजला. अर्जुनरावांचा आवाज स्पीकर नसतानाही ऐकू येत होता.

"झालं का?"

"व्हतंय. तारीख मागत्यात."

"कसली?"

"पोरगं मेल्याची."

"घाल की कुठली बी! त्यात काय एवढं?"

धर्माजी उठून उभे राहिले. "मग तुमी सांगा, आन्ना. मला म्हाईत न्हाई. मारलाय तुमी."

त्यांनी फोन बंद केला. नुसता कट नाही, पुरता बंद. मग दुकानात कोणीच नसल्यासारखे उभे राहिले. मागच्या खोलीत मशीनचा हेड इकडून तिकडे फिरत होता, कोणाचा तरी वाढदिवस छापत.

"काढून टाका त्याला," ते म्हणाले.

"खाली घेऊ? तुमच्या शेजारी? किनार लावून?"

त्यांनी मान हलवली. "तेवढी छाती न्हाई माझी. वर बी नको, खाली बी नको. नुस्ता काढा."

फाइलमध्ये प्रत्येक फोटोचा वेगळा थर, लेयर, असतो आणि त्याच्या बाजूला एक छोटा डोळा. मी तो मिटला. चौथ्या फोटोच्या जागी ढग आला. धर्माजींनी वाकून पाहिलं. "हितं आता काय न्हाई ना?"

"काही नाही. ढग आहे."

"मग चालंल," ते म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले.

दुसरा फ्लेक्स शुक्रवारी फाट्यावर लागला. चार माणसांच्या पट्टीत तीन माणसं, उजवीकडे नुसतं आकाश. तो बांधून आलेला माणूस म्हणाला, जागा का सोडली, अजून कोणी जायचंय का? दिग्विजयभाऊंनी मला त्या दिवशी शिक्षा ठोठावली. "यापुढे वरची पट्टी मी करणार. तू फक्त जिवंत लोकांचं बघायचं."

रविवारी लग्न झालं. आम्हाला आमंत्रण नव्हतं, फ्लेक्सवाल्यांना कोण देतं. सोमवारी डबा खाताना सारजाबाईचा फोन आला. आजूबाजूला भांडी आपटत होती.

"आला गं माझा स्वराज! मांडवाच्या मागच्या अंगानं आला, सरळ पाटापशी. ह्यांनी तोंड फिरवलं, पर 'जा' म्हनले न्हाईत. निम्मी भावकी आली न्हाई. अर्जुनराव बी न्हाई, त्याचं पोरगं बी न्हाई. आन कान असा पिळला म्हनतेस, जावई वरडला की!"

"आणि पुनम?"

भांड्यांचा आवाज थांबला. "तिला कशाला, बाई? एवढं एक झालं ते काय कमी हाय?"

मी बरं म्हटलं आणि ठेवला.

त्या पहिल्या स्क्रीनशॉटवरचा नंबर मी माझ्याकडे सेव्ह करून ठेवला होता. उघडून पाहिला. डीपी पुन्हा बदलला होता. नवरदेवाचा वेडावाकडा चेहरा, त्याच्या कानाला घट्ट धरलेली बोटं, फेटा बांधलेला स्वराज, मागे तोंडावर हात धरून हसणारी संस्कृती. कडेला पाठमोरे धर्माजी, मोबाईल कानाला. रिझोल्यूशन चांगलं होतं, म्हणून मी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. मागच्या खुर्च्यांपर्यंत गेले. काळ्या पट्ट्याचं घड्याळ कोणाच्याच हातात नव्हतं.

मग संगणकावर कुरुळीची फाइल उघडली. मिटलेला डोळा उघडला, मास्कवर शिफ्ट दाबून क्लिक केलं. स्वराज लगेच आला, सगळा, पट्ट्यापासून कार्डापर्यंत. डावा खांदा मात्र सपाट. तिथे मी ठोकलेलं कापड होतं. नीट पाहिलं तर एकाच ठिकाणाहून उचललेली तीच सुरकुती तीनदा आली होती. मागे जायचं बटण दाबून पाहिलं. फाइल बंद करून उघडल्यावर मागे जाता येत नाही, हे मला माहीत होतं, तरी दाबलं. हात काढा असं अर्जुनराव म्हणाले होते, बरं केलं असं सारजाबाई म्हणाली होती, धर्माजी गप्प होते. पण काढला मी होता, आणि कॉपी ठेवावी असं माझ्याही मनात आलं नव्हतं.

धर्माजींनी पाठवलेला मोठा स्क्रीनशॉट अजून मोबाईलमध्ये होता. तो संगणकावर घेतला. नवी फाइल उघडली आणि तो हात कापला, सावकाश, प्रत्येक बोटाच्या कडेनं, घड्याळाच्या बकलाच्या आतून. त्याला पांढरी किनार लावली. अर्धी नाही, नगरसेवकांना लावतो तेवढी जाड. पांढऱ्या पानावर मनगटापासून तोडलेला हात, बाकी काही नाही. बाकीची बाई माझ्याकडे नव्हती.

दिग्विजयभाऊ मागे येऊन उभे राहिले. चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवला.

"हे कोणाचं काम?"

"कोणाचं नाही," मी म्हटलं. "ऑर्डर आली नाही."